शब्दाला तीस पैसे, आणि एककाविना ५३

ऐरोलीच्या एका ताईंचं पहिलं बिल माझ्यासमोर आलं तेव्हा त्यात नऊ लेख होते, प्रत्येकी हजार शब्दांचे, आणि खाली बेरीज २,७०० रुपये. शब्दाला तीस पैसे. विषय गाद्या, सँडविच टोस्टर, कुर्गला कधी जावं, केसगळतीवर घरगुती उपाय. लिहिणाऱ्या बाई रसायनशास्त्राच्या पदवीधर, रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढलेल्या. कुर्गला त्या कधी गेलेल्या नाहीत.

मी ठाण्यात राहतो. कंपन्यांची माहितीपत्रकं, मॅन्युअलं, वेबसाइटवरचा मजकूर लिहिणं आणि तपासणं हाच माझा धंदा. घरबसल्या लेखनाचं काम कसं मिळतं, असं विचारणारे फोन येतच असतात. त्यातलं हे एकच प्रकरण सविस्तर मांडतोय, कारण एरवी दहा जणांच्या वाट्याला सुटं सुटं येतं ते या एकट्या बाईंना दीडेक वर्षात सगळं भेटलं. ताईंची परवानगी आहे. नावं गाळली आहेत, त्यांचंही आणि कंपन्यांचीही.

नोकरी सुटली तेव्हा

२०२२ च्या दिवाळीनंतर सासूबाईंना पक्षाघात झाला. ऐरोलीहून रबाळे ट्रान्स-हार्बरने एकच स्टेशन, पण लॅबच्या शिफ्टला जवळ-लांब काही नसतं. मुलगी सहावीत, मिस्टर महापेला एका बँकेच्या बॅक ऑफिसात. ताईंनी नोकरी सोडली. हाताशी राहिले ते दुपारचे तीन तास, सासूबाई झोपतात आणि मुलगी क्लासला जाते तेवढे.

सगळ्यात आधी आली ती ‘घरबसल्या टायपिंग’ची जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवर. पीडीएफमधली पानं वर्डमध्ये उतरवायची, आठवड्याला इतके हजार. पानं पाठवल्यावर ‘अचूकता नव्वद टक्क्यांच्या खाली’ असा अहवाल आला आणि पाठोपाठ करारभंगाची नोटीस, वकिलाच्या लेटरहेडवर, कोर्टाच्या शिक्क्याची आठवण यावी असा गोल शिक्का मारून. पैसे भरा, नाहीतर वॉरंट. घरातले दोन दिवस जेवले नाहीत. मग मिस्टरांनी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, नंबर ब्लॉक केला. वॉरंट अर्थातच आलं नाही. काम देणारा कधी ‘नोंदणी फी’ मागत नाही आणि दंडही मागत नाही, एवढं कळलं की या जातीची नव्वद टक्के जाळी दिसायला लागतात. यावर जास्त लिहीत नाही.

त्यानंतरचे तीस पैसे. फेसबुकवरच्या एका ग्रुपमधून मध्यस्थ भेटला. तो लेख कोणाकडून घेतो, कोणाला देतो, काही पत्ता नाही. रात्री विषय यायचा, दुसऱ्या रात्रीपर्यंत हजार शब्द, त्यात ठरलेला कीवर्ड ठरलेल्या वेळा यायलाच हवा. एका लेखाला ताईंची अख्खी दुपार जायची, कारण त्या वाचून, पडताळून लिहायच्या. लॅबची सवय. मध्यस्थाला पडताळणीशी देणंघेणं नव्हतं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सुरू झालं होतंच, आणि २०२३ च्या मे-जूनपर्यंत या मध्यस्थाने सांगून टाकलं की आता पंधरा पैसे, जमत असेल तर बघा.

पुष्कळ लोक इथे एआयला शिव्या देतात. माझं मत थोडं वेगळं आहे. ज्या लेखात लिहिणाऱ्याला गादीवर झोपायची गरज नाही, विकणाऱ्याला तो वाचायची गरज नाही आणि फक्त गूगलने तो पाहावा एवढीच अपेक्षा आहे, त्या लेखाचे तीस पैसे हीसुद्धा काही दिवसांची चैन होती. तो बाजार बसणारच होता.

अर्ज, जे कोणी उघडले नाहीत

मेमध्ये ताईंनी अपवर्क या सुटी कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर खातं काढलं. एलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या बाजारांचं विलीनीकरण होऊन २०१५ मध्ये हे नाव आलं. इथे कामाच्या जाहिराती लागतात आणि आपण प्रपोजल टाकायचं. प्रत्येक प्रपोजलला ‘कनेक्ट्स’ खर्च होतात. एका कनेक्टची किंमत पंधरा सेंट, शिवाय आपल्याकडे वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभर कनेक्ट्स घेतले की सुमारे दीड हजार रुपये गेले, काम मिळो न मिळो. ताई खातं उघडत होत्या त्याच महिन्यात अपवर्कने आपलं कमिशन सरसकट दहा टक्के केलं (२०२५ पासून ते कामागणिक बदलतं). त्याआधी सुरुवातीच्या कमाईवर वीस टक्के कापत. फायव्हर या दुसऱ्या साइटवर अजूनही वीस टक्के जातात, पण तिथे आपण दुकान मांडून बसायचं आणि गिऱ्हाईकाने यायचं, त्यामुळे अर्जाचा खर्च नाही.

ताईंचे कनेक्ट्स संपले, पुन्हा घेतले, पुन्हा संपले. उत्तर नाही. आलं ते एकच: ‘सॅम्पल म्हणून आमच्या विषयावर बाराशे शब्द लिहून पाठवा, आवडलं तर पुढे बघू.’ त्यांनी पाठवले. पुढे कोणी काही बघितलं नाही.

ऑगस्टमध्ये एका ओळखीच्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. पहिलाच प्रश्न: “सर, माझं इंग्लिश कमी पडतंय का?” मी म्हटलं, ताई, आधी प्रोफाइल दाखवा.

प्रोफाइलच्या मथळ्यात कंटेंट रायटर, ब्लॉग, एसईओ, कॉपी, मराठी-हिंदी-इंग्रजी भाषांतर, डेटा एंट्री, सगळं उभ्या रेघा मारून एका ओळीत. खाली प्रपोजलचा साचा. मूळ इंग्रजीतला, इथे मराठीत देतो:

‘नमस्कार. मी एक मेहनती आणि उत्साही कंटेंट रायटर आहे. कोणत्याही विषयावर दर्जेदार, अस्सल, व्याकरणशुद्ध लेखन वेळेत देण्याची हमी देते. कृपया एक संधी द्यावी.’

रसायनशास्त्र कुठे? शोधलं तर शिक्षणाच्या रकान्यात तळाशी. अकरा वर्षांची लॅब? नाहीच. का, विचारल्यावर म्हणाल्या, “ती नोकरी होती ना. लिहिण्याचा अनुभव विचारतात म्हणून ते नाही टाकलं.”

गिऱ्हाईकाच्या बाजूने बघा. त्याच्या पडद्यावर प्रपोजलांची रांग लागलेली असते आणि प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. त्या दोन ओळींत जर ‘मेहनती’ आणि ‘उत्साही’ असेल तर वरच्या-खालच्या चाळीस जणांतही तेच आहे. कोणत्याही विषयावर लिहीन म्हणणाऱ्याला कोणताही भाव मिळतो, आणि तो भाव सगळ्यात खालचा असतो. शोधणारा माणूस ‘लेखक’ असं शोधत नाही. त्याला डिटर्जंटच्या कच्च्या मालाबद्दल, गृहकर्जाबद्दल, दातांच्या इम्प्लांटबद्दल लिहिणारा हवा असतो, आणि तो सापडत नाही म्हणून तो जाहिरात देतो.

आम्ही प्रोफाइलमधलं जवळजवळ सगळं पुसलं. नवा मथळा: रसायन कंपन्यांसाठी उत्पादनांची पानं, तांत्रिक माहितीपत्रकं, सेफ्टी डेटा शीटवरून (रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं पत्रक) मजकूर. खाली लॅबमध्ये काय काय केलं ते साध्या वाक्यांत: टायट्रेशन, गॅस क्रोमॅटोग्राफी, सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिसवर सह्या, गिऱ्हाईकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं. शेवटची गोष्ट ऐकून मी थांबलो. म्हणजे या बाई अकरा वर्षं लिहीतच होत्या, तेही अशा वाचकासाठी जो चूक सापडली तर माल परत पाठवतो. त्यांना ते लेखन वाटत नव्हतं एवढंच.

नमुने जुन्या कंपनीचे देता येत नव्हते, गोपनीयता आड येते. मग घरातल्याच वस्तूंवर तीन छोटे नमुने त्यांनी स्वतः तयार केले: ब्लीच, कॉस्टिक सोडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल. प्रत्येकाचं एक उत्पादन-पान, जसं एखाद्या विक्रेत्याच्या वेबसाइटवर असावं तसं. ते लिंक्डइनवर टाकले. पुढे कोणी फुकट सॅम्पल मागितलं की हेच दाखवायचं, आणि तरी हवंच असेल तर चाचणीचे पैसे लावायचे. पैसे म्हटल्यावर बरेच जण गायब होतात. होऊ द्यावेत.

सप्टेंबरात पहिलं काम आलं. परदेशातला साबण-डिटर्जंटचा कच्चा माल विकणारा एक व्यापारी, बारा उत्पादनांची वर्णनं, प्रत्येकी पंधरा डॉलर. एकशे ऐंशी डॉलर, कमिशन जाऊन एकशे बासष्ट. रक्कम ठरलेली असल्याने पैसे आधीच एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत अपवर्कच्या ताब्यात, जमा. काम पाठवलं, माणूस गप्प. ताईंचा जीव वरखाली. पण अशा कामात गिऱ्हाईकाने चौदा दिवसांत काही म्हटलं नाही तर रक्कम आपोआप सुटते, मग आणखी पाच दिवस ती रोखून ठेवतात आणि नंतर काढता येते. तसंच झालं. बुवा सुट्टीवर गेला होता. परत आल्यावर त्याने पाच तारे दिले.

‘थेट माझ्या बँकेत पाठवा, कमिशन वाचेल’ असं त्याला सुचवावं का, हा ताईंचा पुढचा प्रश्न. नाही. तिथे ओळख झालेल्या गिऱ्हाईकाशी दोन वर्षं तिथूनच व्यवहार करायचा अशी अट असते, आणि मोडली तर खातंच जातं. शिवाय एस्क्रोचं संरक्षण तेव्हाच्या दहा टक्क्यांत महाग नव्हतं. ते नसलं की काय होतं ते याच सुमारास ताईंना दुसरीकडे कळत होतं, त्याबद्दल पुढे.

५३ काय?

ऑक्टोबरात मी सुचवलं की ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांच्या वेबसाइट उघडून बघा. या पट्ट्यात दिघ्यापासून नेरूळपर्यंत रसायनवाले पसरलेत, यातल्या कितीतरी जणांचा माल परदेशात जातो, आणि वेबसाइट असते कोणा भाच्याने बनवलेली. ताई दुपारी तेच करत बसल्या.

तुर्भ्याच्या एका सॉल्व्हंट विकणाऱ्या कंपनीच्या पानावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या तक्त्यात लिहिलं होतं: फ्लॅश पॉइंट ५३. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रव पेट घेण्याइतकी वाफ सोडतो ते. एकक नाही, मोजण्याची पद्धत नाही.

वाचणाऱ्याने ५३ अंश सेल्सिअस असं धरलं तर? आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट क्लोज्ड कपने (बंद भांड्यात मोजून) बारा अंश सेल्सिअसच्या आसपास. तो आकडा फॅरनहाइटमधला होता, म्हणजे ५३ फॅरनहाइट बरोबर ११.७ सेल्सिअस. कोणातरी अमेरिकी विक्रेत्याच्या पानावरून तक्ता उचलताना एकक सांडलं होतं. हा काही शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. जीएचएस या रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गवारीत तेविसाच्या खालचा ज्वालाग्राही द्रव दुसऱ्या, जास्त धोक्याच्या वर्गात जातो (उकळबिंदू पस्तिसाच्या वर असेल तर), तेवीस ते साठमधला तिसऱ्यात. वाहतुकीत याच मर्यादेवर पॅकिंग ग्रुप (धोक्यानुसार पॅकिंगचा गट) दोन की तीन ते ठरतं. त्या पानावर विसंबून कोणी माल साठवला तर ऐन उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात तो त्याला निर्धास्तपणे ठेवेल, आणि द्रव तर बारा अंशालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतो.

ताईंनी मेल लिहिला. तोही मराठीत देतो, त्यांनी लिहिला तेवढाच:

‘तुमच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पानावर फ्लॅश पॉइंट ५३ दिलाय. हा बहुधा फॅरनहाइटमध्ये आहे, सेल्सिअसमध्ये साधारण १२, क्लोज्ड कप. एकक नसल्याने गिऱ्हाईक चुकीचा वर्ग धरू शकतं. एसीटोन आणि टोल्युइनच्या तक्त्यांतही एककं सुटली आहेत, सोबत खुणा करून पाठवतेय. मी रबाळ्यात क्यूसीमध्ये होते, आता कंपन्यांसाठी उत्पादनांची पानं लिहिते. ऐरोलीलाच राहते.’

काम द्या, असं एकही वाक्य त्यात नाही. मला विचारलं असतं तर मी शेवटी दराबद्दल एखादी ओळ घालायला लावली असती. बरं झालं विचारलं नाही.

दोनेक आठवडे सामसूम. मग मालकांच्या मुलाचा फोन, जो निर्यात बघतो. “मॅडम, हेच आम्हाला हॅम्बुर्गच्या पार्टीने विचारलं होतं, आम्हाला वाटलं ते उगाच खुसपट काढतायत. तुम्ही ऑफिसला येऊन जाल का?” त्या गेल्या, मुलीला शेजारी सोडून. चहा झाला, चाळीस उत्पादनांची यादी पुढे आली आणि दराचा प्रश्न आला.

इथे शब्दाचा भाव काढायचा नाही, एवढं आम्ही आधीच बोललो होतो. उत्पादनाचं पान दोन-अडीचशे शब्दांचं असतं. शब्दाला पन्नास-साठ पैसे धरून गेलात तर दोन तास सेफ्टी डेटा शीट वाचून, तीन ठिकाणी ताडून लिहिलेल्या पानाचे सव्वाशे रुपये होतील. ताईंनी पानाला १,८०० सांगितले. समोरून १,२०० आले. ताई म्हणाल्या, बाराशेत मी तुमच्याच पत्रकावरचं उतरवून देईन, अठराशेत तपासून देईन आणि प्रत्येक आकडा कुठून घेतला ते कळवेन. अठराशे ठरले. एकूण ७२,०००, दर दहा पानांनी बिल.

पहिलं बिल लागलं त्याआधी अकाउंट्समधून व्हेंडर फॉर्म आला: पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, जीएसटी असल्यास क्रमांक, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असल्यास क्रमांक. जीएसटीची गरज नव्हती, सेवेला वर्षाकाठी वीस लाखांच्या आत उलाढाल असली तर नोंदणी लागत नाही. उद्यम मात्र मी लगेच करायला लावली. १ जुलै २०२० पासून चालू असलेली ही नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, फुकट. गूगलवर पहिल्या दोन-तीन जागी दिसणाऱ्या, दीड हजार घेऊन ‘उद्यम प्रमाणपत्र’ देणाऱ्या खासगी साइट टाळाव्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ताई कागदोपत्री ‘सूक्ष्म उद्योग, सेवा’ झाल्या. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं म्हणे, कारखाना कुठे टाकलास?

पैसे ६४,८०० आले. दहा टक्के कापले म्हणून ताई घाबऱ्या. तो टीडीएस, तेव्हाच्या कलम १९४जे खालचा. वर्षभरात तीस हजारांच्या वर गेलं की कापत (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा पन्नास हजार झाली). कापलेले ७,२०० तेव्हा फॉर्म २६एएस या करखात्याच्या नोंदीत दिसत, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल तर रिटर्न भरून परत मिळतात, तसे मिळालेही. रिटर्न कोणत्या कलमाखाली भरावं हे मात्र सीएला विचारा. व्यावसायिकांना सोप्या हिशेबाने कर भरू देणाऱ्या तेव्हाच्या ४४एडीए कलमाच्या यादीत चित्रपटासाठी कथा-संवाद लिहिणारे होते, कंपन्यांसाठी लिहिणाऱ्यांचं नाव नव्हतं.

एजन्सी आणि मार्च महिना

आता ती दुसरीकडची गोष्ट. तीस पैसेवाला सुटल्यावर ताईंनी एका कंटेंट एजन्सीचं काम धरलं होतं, शब्दाला साठ पैसे, विषय घरदुरुस्ती आणि रंगकाम. ऑगस्टचे पैसे वेळेवर आले. सप्टेंबर-ऑक्टोबरचे, मिळून ११,४००, आले नाहीत. ‘क्लायंटकडून आलं नाही मॅडम, पुढच्या महिन्यात एकदम टाकतो.’ नोव्हेंबरात ताईंनी काम थांबवलं. डिसेंबरात पुन्हा गोड बोलून काम दिलं, आणि त्यांनी घेतलं, कारण नाही घेतलं तर आधीचे बुडतील ही भीती. हा सापळा फार जुना आहे, किराणावालाही उधारी याच भीतीने वाढवत नेतो. डिसेंबर-जानेवारीचे आणखी १५,६००.

फेब्रुवारीत एजन्सीने नवंच काढलं: आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचे लेख सत्तर टक्के एआयने लिहिलेले दिसतात, तेव्हा निम्मेच पैसे. ताई रडकुंडीला आल्या. त्यांनी गूगल डॉक्समधला प्रत्येक लेखाचा बदलांचा इतिहास पाठवला, कोणतं वाक्य कोणत्या मिनिटाला टाइप झालं ते त्यात दिसतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं होतं, तेही कळवलं. एजन्सीकडून उत्तर नाही. ज्याला द्यायचेच नाहीत त्याला पुराव्याने काय फरक पडतो?

फरक पडला तो एजन्सीच्या सीएला. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात कलम १५ आहे: नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर नाही. लेखी काही नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याच्या चक्रवाढीने. तेव्हा बँक रेट ६.७५ होता, म्हणजे वर्षाला सव्वावीस टक्के. हे कायद्यात अनेक वर्षं होतंच, कोणी विचारत नव्हतं. पण आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराचं ४३बी(एच) लागू झालं. या उद्योगांची मुदत उलटलेली देणी ३१ मार्चपर्यंत दिली नाहीत तर ती त्या वर्षी खर्चात धरता येत नाहीत, त्या रकमेवर कर भरावा लागतो. त्या मार्चमध्ये सीए मंडळी प्रत्येक पुरवठादाराकडे उद्यम प्रमाणपत्र मागत सुटली होती, हे ज्याने कोणी बिलं लावली असतील त्याला आठवत असेल.

ताईंचा मेल आम्ही मिळून लिहिला. त्यात राग नव्हता, रडगाणं नव्हतं आणि एआयचा विषयही नव्हता. बिलांचे क्रमांक आणि तारखा, उद्यम क्रमांक, कलम १५ ची मुदत कोणत्या दिवशी संपली, ४३बी(एच) चा उल्लेख, आणि शेवटी ‘हा मेल कृपया तुमच्या सीएंना पुढे पाठवावा.’ पत्रासोबत प्रमाणपत्र. रक्कम न आल्यास थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करणार, एवढी एक ओळ.

१५,६०० रुपये २८ मार्चला जमा झाले. निम्मे नाहीत, पूर्ण. कोणाचा फोन नाही, मेलला उत्तर नाही, नुसता बँकेचा मेसेज.

सप्टेंबर-ऑक्टोबरचे ११,४०० आले नाहीत आणि त्यासाठी हा मार्ग चालतही नव्हता. नोंदणीच्या आधी केलेल्या कामाला या कायद्याचा लाभ मागता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२२ चा निकाल आहे, आणि ताईंची नोंदणी नोव्हेंबरची. म्हणून आता कोणी ‘लेखन सुरू करायचंय’ म्हणून फोन केला की मी प्रोफाइलच्या आधी उद्यमचं विचारतो.

त्या अकरा हजारांसाठी एक दुसरा धागा होता. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात नोकरीत लिहिलेलं मालकाचं असतं, पण असं सुटं काम करणाऱ्याचा मजकूर आधी लिहिणाऱ्याचाच. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेला कागद लागतो. एजन्सीने असा कागद कधी केलाच नव्हता, आणि ते लेख रंगाच्या एका दुकानदाराच्या वेबसाइटवर दिमाखात झळकत होते. नोटीस देता आली असती. मी ताईंना नको म्हटलं, कारण भांडण एजन्सीशी आणि त्रास त्या बिचाऱ्या दुकानदाराला, ज्याने बहुधा पैसे केव्हाच दिले होते. यावर माझ्या ओळखीतले काही जण माझ्याशी सहमत नाहीत. असो.

त्यानंतर

तुर्भ्याच्या कंपनीने पानांनंतर गोदामातल्या सुरक्षा-सूचना मराठीत करून मागितल्या. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायची सक्ती तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातली, कलम १०८. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी इंग्रजी फलकाच्या खाली संगणकाने केलेलं मराठी असतं, जे ना ऑपरेटरला कळतं ना सुपरवायझरला. ताईंनी प्रत्येक फलक आधी गोदामातल्या दोन हमालांना वाचून दाखवला, त्यांना अडलं ते बदललं. याचे पैसे फलकावर ठरले, शब्दावर नाही.

भाषांतराचं काम परदेशी एजन्सींकडून घ्यावं का, असं त्या हल्ली विचारतात. घ्यावं, पण आधी प्रोझ या भाषांतरकारांच्या वेबसाइटच्या ब्लू बोर्डवर त्या एजन्सीने इतर भाषांतरकारांचे पैसे वेळेवर दिलेत का ते बघून. एआय त्या इंग्रजी वाक्यं घासायला वापरतात आणि गिऱ्हाईकाला तसं सांगतात. कंपनीचं फॉर्म्युलेशन किंवा चाचणीचे आकडे मात्र त्यात कधीच टाकत नाहीत. इथेही लॅबची सवयच उपयोगी पडली.

उत्पन्न अजून लॅबच्या पगाराएवढं नाही. तीन तासांत ते होणारही नाही, आणि एकाच कंपनीवर दोन तृतीयांश कमाई अवलंबून असणं मला आवडत नाही, हे मी त्यांना दर वेळी सांगतो. म्हणून दुपारची यादी चालूच आहे: तळोजा, अंबरनाथ, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम. ज्याच्या तक्त्यात एककं सुटलेली दिसतील त्याला पहिला मेल जातो.